तिसऱ्या पुस्तकाबद्दलचं मत

४ जून

प्रिय वहिनी,

कशी आहेस असं विचारत नाही, कारण तू "ठीक" असंच लिहिणार आणि मला ते खरं वाटणार नाही. दादाला जाऊन वर्ष होत आलं. त्या दिवशी तू आलेल्यांना खुर्च्या देत होतीस, पाणी देत होतीस, आणि डोळ्यांत टिपूस नाही. तेव्हापासून मला तुझी धास्ती वाटते.

म्हणून सोबत एक पुस्तक पाठवते आहे. आमच्या वाचनालयात हल्ली बायकांनी लिहिलेल्या नव्या कादंबऱ्यांचं वेगळं कपाट केलंय. ग्रंथपाल मीच, त्यामुळे कपाट भरायचं काम माझं आणि ते कोणी उघडत नाही म्हणून बोलणी खायचं कामही माझंच. शेजारी एक बोर्ड लावलाय, 'वाचकाचं मत' असा. सध्या त्यावर एकच मत आहे: "छान." तेही मीच डाव्या हाताने लिहिलंय. तू हे वाच आणि चार ओळी लिहून पाठव. नाव घालणार नाही, 'एक वाचक' एवढंच लिहीन.

फोन करत नाही, कारण फोन आईच्या खुर्चीजवळ असतो आणि तीच उचलते. आणि वहिनी, एकच अट, जुनीच: पत्रात आईचा विषय नको. ती कशी आहे, काय म्हणाली, काय खाल्लं, काहीही नको. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा तिने मला दारातूनच परत पाठवलं, तिथे विषय संपला. दादाच्या वेळी आले तेव्हाही ती माझ्याकडे बघून न बघितल्यासारखी बसून होती. दादाने ही अट शेवटपर्यंत पाळली. तूही पाळ.

तुझी,
बेबीताई
(पन्नाशी उलटली तरी बेबीच. नशीब एकेकाचं!)


२१ जून

प्रिय बेबीताई,

पुस्तक मिळालं. अट मान्य आहे.

मी ठीक आहे. लॅबमध्ये काम भरपूर. सकाळी कवळ्यांचे साचे ओतायचे, दुपारी मेणात एकेक दात बसवायचा. त्याला डोकं लागत नाही, हात आपले चालत राहतात. घरी आल्यावर जेवण आणि मग पुस्तक. मत खाली देते.

"तीस वर्षं संसार केलेली बाई एका सकाळी घर सोडते आणि समुद्रकाठी खोली घेऊन चित्रं काढते. सोडते ते बरोबरच, नवरा त्याच लायकीचा आहे. पण पलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळलेला सासरा आहे. तो पहिल्या प्रकरणात खोकतो आणि मग पुस्तकातून गायबच होतो. त्या दिवशी दुपारी त्याला पाणी कोणी दिलं? लेखिकेने पानंच्या पानं समुद्राला दिली, म्हाताऱ्याला एक ओळ द्यायला काय हरकत होती? पुस्तक वरून सुरेख शिवलंय. पण कपडा घेताना उलटा करून बघावा. हा आतून सगळा कच्च्या टाक्यांवर आहे. कुठेही जरा ओढा, उसवतो."

पुस्तक परत पाठवू की ठेवू?

तुमची,
वहिनी


६ जुलै

वहिनी, वहिनी, तू इतकी वर्षं कुठे लपून बसली होतीस?

मत बोर्डावर लावलं आणि दुसऱ्या दिवशी त्या बोर्डापुढे माणसं! शाळेतल्या बाई उतरवून घेऊन गेल्या. निवृत्त पोस्टमास्तर, जे वर्तमानपत्राशिवाय कशाला हात लावत नाहीत, ते विचारून गेले की हा वाचक कोण आणि पुढचं मत कधी. दोघी जणी त्या सासऱ्यावरून हमरीतुमरीवर आल्या. कादंबरीवरून भांडण! ग्रंथपालाला आणखी काय हवं असतं?

आणि टाक्यांची भाषा कुठून शिकलीस? दातांच्या लॅबमध्ये शिवणकामही करतात की काय?

खरं सांगू, मला फार हायसं वाटलं. जिला पुस्तकातल्या सासऱ्यासाठी राग येतो तिचं आतलं सगळं शाबूत असतं. तू सावरते आहेस. मला उगाच धास्ती वाटत होती.

सोबत दुसरं पाठवते. पहिलं ठेवून घे.

बेबीताई


२ ऑगस्ट

प्रिय बेबीताई,

दुसरंही झालं. मत:

"यात रडायचं काम लेखिकेने स्वतःच उरकून टाकलंय. दर प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी खिडकीशी उभी राहून रडते. पाहुण्याच्या ताटातलं यजमानानेच खाल्ल्यासारखं वाटतं, वाचणाऱ्याला काही उरत नाही. शिवाय या दोन बहिणी वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि कारण काय, तर गैरसमज. गैरसमजाने कोणी इतकी वर्षं गप्प बसत नाही. गैरसमज आठवड्याभरात फिटतो. इतकं गप्प बसायचं तर दोघींना एकमेकींचं नीट समजलेलं असावं लागतं."

एक बातमी आहे. लॅबचे मालक सगळा पसारा दुसऱ्या गावी हलवताहेत. मोठी जागा, नवी यंत्रं. माझं टेबल राखून ठेवतो म्हणाले, वर राहायला खोली आहे. इथे दुसरी लॅब नाही. सप्टेंबर संपायच्या आत काय ते सांगायचंय.

मी सावरले की नाही मला माहीत नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, तसं आहे. ओठ आपलाच असतो, पण चहा प्यायला गेलं की ओघळ येतो आणि समोरच्याने सांगेपर्यंत कळत नाही.

तुमची,
वहिनी


१३ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

दुसरं मत वाचून आमच्याकडच्या दोन सख्ख्या जावा बोर्डापुढे उभ्या राहिल्या, एकमेकींकडे बघितलं आणि दोन दिशांना निघून गेल्या. मी पुस्तकाआड तोंड लपवून हसले. मग "दोघींना एकमेकींचं नीट समजलेलं असावं लागतं" हे वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं. ते जाऊ दे.

लॅबचं वाचलं. अगं, मग जा की! विचार कसला करतेस? दादा नाही, मूलबाळ नाही, हातात कसब आहे, टेबल राखून ठेवलंय. तुला अडवतंय काय? नवी जागा, नवी माणसं, तुला बरंच वाटेल. मी एकटीने गाव बदललं तेव्हा माझ्याकडे एक बॅग होती, आणि तिची चेन तुटकी होती.

तिसरं पुस्तक पाठवते आहे. हे वाचून रडली नाही अशी बाई आमच्याकडे शिल्लक नाही. मुलगी सासर सोडून माहेरी येते आणि आई तिला दारातच जवळ घेते, असं काहीसं आहे. मी स्वतः पूर्ण वाचलेलं नाही. वेळ झाला नाही.

बेबीताई


९ सप्टेंबर

प्रिय बेबीताई,

तुम्ही विचारलंत, मला काय अडवतंय. अटीमुळे उत्तर देता येत नाही.

तिसऱ्या पुस्तकाबद्दलचं मत:

"दारातला प्रसंग खोटा आहे. त्यापुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे, म्हणून पुस्तकही खोटं. अशी आई दारात मिठी मारत नाही. ती आधी मुलीच्या हातातली बॅग बघते. मग मुलीच्या खांद्यावरून समोरच्या दारात कोण उभं आहे ते बघते. मुलीचं तोंड ती सगळ्यात शेवटी बघते. आणि त्याच वेळी आत गिऱ्हाईक असतं, अर्धवट मापाचा कपडा अंगावर घालून उभं. लेखिकेने या आईच्या तोंडात टाचण्या द्यायला हव्या होत्या. ओठांत टाचण्या असल्या की लगेच बोलता येत नाही. एकेक काढून उशीत खोचावी लागते. तेवढ्या वेळात मनात एक चांगलं वाक्य येतं आणि एक वाईट येतं. टाचण्या संपेपर्यंत चांगलं मागे पडतं. असं लिहिलं असतं तर कोणी रडलं नसतं, पण पुस्तक खरं झालं असतं."

तुमची,
वहिनी


१५ सप्टेंबर

वहिनी,

टाचण्यांचं तुला कोणी सांगितलं?

दादा त्या दिवशी घरात नव्हता. दारात आम्ही दोघीच होतो. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या, सगळ्या, अगदी सावकाश, आणि म्हणाली, "परत जाणार असशील तर आत ये. नसशील तर आत गिऱ्हाईक आहे." हे मी दादालाही सांगितलेलं नाही. टाचण्यांचं तर कोणालाच नाही.

ही मतं कोणाची आहेत?

हे मत मी बोर्डावर लावलेलं नाही.


२३ सप्टेंबर

प्रिय बेबीताई,

आईंची. दुसऱ्या कोणाची असणार?

त्यांना आता दिसत नाही. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. हे गेले त्याच्या आधीपासूनच नजर चालली होती. तुम्ही आलात त्या दिवशी त्यांनी तुमच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं असं तुम्ही लिहिलंत. त्यांना तुम्ही दिसलाच नव्हतात. तुम्ही गेल्यावर त्यांनी मला विचारलं, बेबी आली होती का? मी हो म्हणाले. हे तुम्हाला कळवलं असतं, पण अट होती.

जेवणं झाली की मी मोठ्याने वाचते आणि त्या ऐकतात. मध्येच म्हणतात, थांब, आणि मग बोलतात. ते मी लिहून घेते. तुम्ही मत मागितलंत आणि घरात मत असलेलं माणूस एकच आहे, म्हणून ते पाठवलं. "आई म्हणतात" हे दोन शब्द अटीमुळे गाळले. मी फसवलं असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे. माझ्या मनात तसं काही नव्हतं. मनात काहीच नव्हतं. मी पानंच्या पानं वाचते आणि एक अक्षर आत जात नाही. पहिल्या पुस्तकात सासरा होता हे मला मत लिहिताना कळलं.

तुमची पत्रंही मी त्यांना वाचून दाखवते. पोस्टमास्तरांचं दोनदा वाचायला लावलं. "वहिनी भलतीच हुशार निघाली म्हणायची," असं म्हणून हसल्या. मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदा. अटीचं वाचलं तेव्हा म्हणाल्या, "माझीच मुलगी. मीही हीच अट घातली असती." टाचण्यांचं मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, शिवणकाम केलेलं माणूस आहे, बोलताहेत तसं.

मालकांना मी हो म्हणून कळवलंय. आईच म्हणाल्या, जा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सामान जाईल. शेजारच्या नर्सबाई सकाळ-संध्याकाळ डोकावतील. बाकीच्या वेळेचं काय ते ठरलेलं नाही. आईंना मी बरोबर चला म्हणाले. त्या म्हणतात, या घरात भिंतींना हात लावून चालता येतं, दुसऱ्या घराच्या भिंती मला ओळखत नाहीत.

अट मोडली. आता मोडलीच आहे.

तुमची,
वहिनी


१८ ऑक्टोबर

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. ग्रंथपालाने कागद फाडू नये.

हे तिला वाचून दाखव.

आई, त्या दिवशी दारातून निघाल्यावर मी बसस्टँडवर गेले. गाडी लागलेली होती, तरी मी बसले नाही. पुढची आली, तीही सोडली. वाटलं होतं, तुझं गिऱ्हाईक जाईल आणि तू येशील. अंधार पडायला लागला तेव्हा कंडक्टर म्हणाला, बाई, ही शेवटची. मग चढले. मला इतकी वर्षं वाटत होतं की तुझ्या मनात एकच वाक्य होतं. दोन होती हे मला माहीत नव्हतं. दुसरं कुठलं होतं?

वहिनी, ती काय म्हणते ते जसंच्या तसं लिही. एक शब्द गाळू नकोस.

बेबी


२७ ऑक्टोबर

प्रिय बेबीताई,

दुपारी वाचून दाखवलं. आई म्हणाल्या, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. बराच वेळ त्या हाताने साडीचा काठ चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, "गिऱ्हाईक गेल्यावर मी गेले होते. गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथे ओळखीची माणसं उभी होती, म्हणून भाजी घेऊन परत आले." मग म्हणाल्या, "ते वाक्य पत्रातून धाडायचं नाही. तिला हवं असेल तर येऊन कानाने घेऊन जा म्हणावं."

जसंच्या तसं लिहिलंय. आता माझं लिहिते.

मला राग आलाय. तुमच्या दोघींचा. काल भांडी पुसता पुसता आला आणि इतका आला की मला खाली बसावं लागलं. तुम्ही दोघी इतके महिने माझ्या तोंडून बोलत होतात. त्या बोलायच्या, मी लिहायचे. तुम्ही लिहायचात, मी वाचायचे. मध्ये मी एक पोस्टाची पेटी. तुमचा भाऊ गेला, त्यांचा मुलगा गेला, हे सगळं खरं. माझाही नवरा गेला. सकाळी मी अजून दोन कप काढते आणि एक परत ठेवते.

एवढं लिहून आता पुन्हा काही वाटत नाहीये. पण काल आलं होतं.

मी रविवारी निघते. किल्ली नर्सबाईंकडे असेल. तुम्ही याल की नाही ते विचारत नाही.

वहिनी


१४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

हे पत्र इथे घरी, तुझ्या लिहायच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. टेबलाला मेणाचा वास येतो.

बुधवारी आले. दार उघडंच होतं, त्यामुळे दारातला प्रसंग असा काही झालाच नाही. ती खुर्चीत होती. "कोण?" म्हणाली. मी म्हटलं, "मी." ती म्हणाली, "चप्पल बाजूला काढ, मी अडखळते." बस. लेखिकेला एवढ्यावर पान भरता आलं नसतं.

दोन दिवस आम्ही पंखा, औषधं, नर्सबाईंचा मुलगा याबद्दल बोललो. तिसऱ्या दिवशी तिचे केस विंचरताना मी विचारलं. पाठीमागून विचारायला सोपं गेलं. म्हटलं, आई, कानाने घ्यायला आलेय, सांग. तिने मान सरळ केली. मग म्हणाली, "आता आठवत नाही गं. बोलावलं तेव्हा वाटलं होतं, तू आलीस की आठवेल. चांगलं होतं, एवढं आठवतं."

मी केस विंचरत राहिले. मग वेणी घातली. सगळ्यात वाईट हे की माझा तिच्यावर विश्वास बसला.

वाचनालयातून लांब रजा घेतली आहे, पुढचं पुढे बघू. संध्याकाळी मी वाचून दाखवते. ती म्हणते, तू भरभर वाचतेस, वहिनी बरं वाचायची. मी म्हटलं, तिला तर एक अक्षर कळत नव्हतं म्हणे. तर म्हणाली, "तिला कोणी विचारलं? मी माझंच सांगत बसले, तू माझंच मागत बसलीस."

तेव्हा आता विचारते. आईही विचारते आहे, इथे शेजारी बसून, लिहिलंस का लिहिलंस का करून भंडावून सोडलंय. त्या तिन्ही पुस्तकांबद्दल तुला काय वाटलं होतं? काही वाटलं नसेल तर तसं लिही. बोर्डावर लावणार नाही.

तुझी,
बेबीताई


२५ नोव्हेंबर

प्रिय बेबीताई आणि आई,

इथे ठीक आहे. टेबल खिडकीजवळ मिळालंय. खोली लहान आहे, पण आवाज कमी.

पहिल्या दोन पुस्तकांतलं मला खरंच काही आठवत नाही.

तिसऱ्यातलं एक पान आठवतं. मुलगी दारात उभी असते आणि आई काही न विचारता तिला जवळ घेते, ते. आई, तुम्ही थांब म्हणालात आणि ते खोटं आहे असं सांगितलंत. मी तसंच लिहून घेतलं. तुम्ही झोपल्यावर मी ते पान एकटीने पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ते खोटं आहे हे मलाही कळत होतं.

मला ते फार आवडलं होतं.

तुमची,
वहिनी